दात सारखे, कूळ वेगळं: लांब मानेच्या डायनासोरांचे भाऊबंद कसे ओळखतात?

ऑगस्ट 2023 मध्ये जैसलमेरहून एक बातमी आली. थारोसॉरस इंडिकस नावाचा, सुमारे 16 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा लांब मानेचा डायनासोर सापडला होता, आणि तो 'डायक्रिओसॉरिड' कुळातला जगातला सर्वांत जुना सदस्य आहे, असं संशोधकांनी मांडलं. त्याच वर्षी जानेवारीत मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातून 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याची बातमी आली होती. ती अंडी 'टायटॅनोसॉर' कुळातली.

दोन्ही प्राणी लांब मानेचे, दोन्ही शाकाहारी. सर्वसामान्य वाचकाला दोन्ही नावं सारखीच अवघड वाटतात आणि तो पुढच्या बातमीकडे वळतो. पण या दोन कुळांच्या वाटा 16 कोटी वर्षांहूनही आधी वेगळ्या झाल्या होत्या. मग काही मणके आणि एखादी बरगडी हातात घेऊन शास्त्रज्ञ एवढ्या ठामपणे कूळ कसं सांगतात? हा प्रश्न अगदी रास्त आहे. नागपूरकरांनी तर तो विचारायलाच हवा, कारण या घराण्याच्या कथेचं सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक अशी दोन्ही टोकं विदर्भात आहेत.

हे प्राणी नेमके कोण?

लांब मान, लांब शेपूट, धडाच्या मानाने अगदी लहान डोकं आणि भक्कम सरळ चार पाय अशा महाकाय शाकाहारी डायनासोरांना सॉरोपॉड म्हणतात. जमिनीवर चाललेल्या प्राण्यांमध्ये यांच्याइतकं मोठं कुणीच झालं नाही. अर्जेंटिनातल्या पॅटागोटायटनचं वजन 50 टनांच्या पुढे होतं, असा अंदाज आहे.

सुरुवात मात्र फार लहान होती. ब्राझीलमध्ये सुमारे 23 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीच्या खडकात सापडलेला बुरिओलेस्टेस हा या घराण्याच्या मुळाशी असलेला प्राणी जेमतेम दीड मीटर लांब होता, दोन पायांवर चालायचा, आणि त्याचे दात मांस खाणाऱ्याचे होते. पुढे झाडपाला खाणं सुरू झालं. पोट मोठं झालं, धड जड झालं. जर्मनीतला प्लॅटिओसॉरस आठ-दहा मीटरपर्यंत वाढला, तरी तो दोन पायांवरच चालत होता. वजन आणखी वाढत गेलं तसे पुढचे पायही जमिनीवर टेकले, आणि तिथून खरे सॉरोपॉड सुरू होतात.

हे शरीर पेलायला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे सॉरोपॉड अन्न चावत नव्हते. दातांनी पाला ओरबाडायचा आणि तसाच गिळायचा, पुढचं काम पोटाचं. चावायचं नसल्यामुळे मोठे जबडे आणि जड स्नायू लागत नाहीत, डोकं लहान राहतं, आणि लहान डोकं लांब मानेच्या टोकाला सांभाळता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या मणक्यांमध्ये हवेच्या पोकळ्या होत्या. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या हाडांत शिरतात, तशीच ही रचना होती. त्यामुळे मान लांब झाली तरी त्या मानाने हलकी राहिली. या पोकळ्या लक्षात ठेवा, नाती ओळखताना त्यांची फार मदत होते.

घराण्याची दोन टोकं विदर्भात

गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याजवळ प्राणहिता आणि गोदावरीचा संगम आहे. तिथल्या खोऱ्यात 'कोटा' नावाने ओळखला जाणारा ज्युरासिक काळातला, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या मधल्या टप्प्यातला थर आहे. 1960 च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथून किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे 300 हाडं काढली. 1975 मध्ये त्या प्राण्याचं नामकरण झालं, बारापासॉरस टागोराय. उत्खनन सुरू झालं ते रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष होतं, म्हणून त्यांचं नाव. या प्राण्याच्या मांडीचं एकेक हाड जवळपास 1.7 मीटर लांब आहे, म्हणजे चांगल्या उंच माणसाएवढं. याच थरातून, तेलंगणाच्या बाजूला यामनपल्लीजवळ, कोटासॉरस मिळाला. तो हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा आहे. जगभरात अशा जुन्या सॉरोपॉडांचे एवढे भरघोस अवशेष मोजक्याच ठिकाणी मिळाले आहेत.

हे झालं घराण्याचं सुरुवातीचं टोक. शेवटच्या टोकासाठी वरोरा तालुक्यात जावं लागतं. पिसदुरा आणि डोंगरगाव परिसरात 'लमेटा' नावाचा थर उघडा पडला आहे. जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून त्याला हे नाव मिळालं. हा थर क्रेटेशियस काळाच्या अखेरचा, म्हणजे डायनासोर नाहीसे होण्याच्या जरासा आधीचा. त्याच्यावर दख्खनच्या लाव्हाचा काळा दगड पसरला आहे. नागपुरातल्या ज्या हिस्लॉप कॉलेजला सगळे ओळखतात, त्याला ज्यांचं नाव आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपुरात राहून या भागाचं भूगर्भ धुंडाळत होते. टाकळीचे वनस्पतींचे जीवाश्म आणि पिसदुऱ्याची हाडं अभ्यासकांपुढे आली, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. 1984 ते 1986 या काळात डोंगरगावला सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी एक मोठा सांगाडा काढला. मान, पाठ आणि शेपटीचे मणके, खांदा, पुढचा पाय, कंबर. आज त्याचं नाव इसिसॉरस आहे.

बारापासॉरस आणि इसिसॉरस यांच्यामध्ये 10 कोटी वर्षांहून जास्त अंतर आहे. इसिसॉरसपासून आपण जेवढे लांब, त्याहून बारापासॉरस त्याच्यापासून जास्त लांब होता. गडचिरोली आणि चंद्रपूर हे शेजारचे जिल्हे, पण त्यांच्या थरांमध्ये सॉरोपॉडांचा जवळजवळ सगळा इतिहास घडून गेला.

नातं कशावरून ठरतं?

सोयरीक जुळवताना आपल्याकडे नुसत्या आडनावावर कुणी थांबत नाही. वर्ध्याचे देशमुख आणि रत्नागिरीचे देशमुख भाऊबंद असतीलच असं नाही, कारण देशमुखी हे काम होतं आणि ते गावोगावी वेगवेगळ्या घराण्यांकडे गेलं. काम सारखं म्हणून आडनाव सारखं झालं. दुसऱ्या बाजूने, दोन्ही घरांत पोळा साजरा होतो यावरूनही नातं सिद्ध होत नाही, कारण पोळा महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात होतो. पण समजा चौथ्या पिढीत एका आजोबांनी काही कारणाने कुलाचारात वेगळी प्रथा सुरू केली आणि ती फक्त त्यांच्याच वंशजांत आढळते, तर ती प्रथा पाळणारी दोन घरं एका मुळाची, असं खात्रीने म्हणता येतं.

जीवांची वंशावळ अशीच लावतात. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ही पद्धत शिस्तीत मांडली. तिचा गाभा एवढाच की जुनी, सगळ्यांकडे असलेली लक्षणं नातं सांगत नाहीत. एखाद्या पूर्वजात नव्याने आलेलं आणि फक्त त्याच्या वंशजांत उतरलेलं लक्षण नातं सांगतं. याला आपण 'सामाईक नवं लक्षण' म्हणू. चार पाय असणं सॉरोपॉडांमध्ये काहीच सांगत नाही, ते सगळ्यांनाच आहेत. मणक्याच्या कुशीत खोल खळगा असणं मात्र सांगतं. कोटासॉरसचे मणके बरेचसे साधे आहेत, बारापासॉरसच्या पाठीच्या मणक्यांमध्ये पोकळ्यांची सुरुवात दिसते, आणि पुढच्या काळातल्या सॉरोपॉडांत त्या खोल आणि गुंतागुंतीच्या होत जातात. कोण घराण्याच्या मुळाजवळ आणि कोण पुढच्या फांदीवर, हे अशा खुणांवरून लागतं.

प्रत्यक्षात संशोधक मोठा तक्ता करतात. एका बाजूला प्राणी, दुसऱ्या बाजूला शेकडो लक्षणं: दाताची रुंदी, मानेतल्या मणक्यांची संख्या, मणक्यावरच्या हाडाच्या पट्ट्या कुठून कुठे जातात, मांडीच्या हाडाला बाक आहे का. प्रत्येक चौकटीत आहे, नाही किंवा माहीत नाही अशी नोंद. मग संगणक असंख्य संभाव्य वंशावळी तपासतो आणि ज्या वंशावळीत बदल सर्वांत कमी वेळा घडलेले मानावे लागतात, ती पुढे ठेवतो. ब्रॉंटोसॉरसच्या कुळाचा 2015 मधला अभ्यास 477 लक्षणांवर उभा होता. थारोसॉरसचंही कूळ ठरलं ते त्याच्या मणक्यांवरच्या अशा बारीक खुणांवरून.

दातांनी कशी फसवणूक केली

हा सगळ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग आहे, आणि तो अवघ्या काही दशकांपूर्वीचा आहे.

सॉरोपॉडांच्या दातांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक रुंद, चमच्याच्या आकाराचे. बारापासॉरस, कॅमारासॉरस, ब्रेकिओसॉरस यांचे तसे. दुसरे बारीक, सरळ, दंडगोल, जबड्याच्या पुढच्या भागात दाटीने उभे. डिप्लोडोकसचे असे होते. टायटॅनोसॉरांचे सुटे दात मिळायचे तेही असेच बारीक. त्यामुळे बराच काळ टायटॅनोसॉर हे डिप्लोडोकसचे जवळचे नातेवाईक समजले जात. मंगोलियात मिळालेल्या नेमेग्टोसॉरसचं 1971 मध्ये वर्णन झालं, तेव्हा अभ्यासकांच्या हाती फक्त कवटी होती. लांब, उतरतं तोंड आणि बारीक दात. तोही डिप्लोडोकसच्या गोतात गेला.

पण टायटॅनोसॉरांची बाकीची हाडं वेगळंच सांगत होती. त्यांच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग बाहेरच्या अंगाला फुगीर होता, तसा ब्रेकिओसॉरसचाही होता. 1990 च्या दशकात अर्जेंटिना, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या अभ्यासकांनी लक्षणांचे तक्ते मांडले, तेव्हा टायटॅनोसॉर ब्रेकिओसॉरसच्या फांदीवर आले. मग दातांचं काय? एक बाजू दाताकडे बोट दाखवायची, दुसरी बाजू मांडीकडे. वाद मिटवायला कवटी आणि धड एकत्र असलेला टायटॅनोसॉर हवा होता.

तो 2001 मध्ये जगापुढे आला, मादागास्करहून. क्रिस्टिना करी रॉजर्स आणि कॅथरिन फोर्स्टर यांनी रापेटोसॉरसचं वर्णन केलं. त्याची कवटी डिप्लोडोकससारखी: लांब तोंड, बारीक दात, नाकपुड्या मागे डोळ्यांकडे सरकलेल्या. आणि धड निःसंशय टायटॅनोसॉरचं. म्हणजे ही चेहरेपट्टी दोन कुळांत स्वतंत्रपणे आली होती. नेमेग्टोसॉरसलाही मग त्याच्या खऱ्या गोतात, टायटॅनोसॉरांमध्ये, जागा मिळाली.

असं का झालं असावं, याचा एक धागा दात बदलण्याच्या वेगात सापडतो. सॉरोपॉडांचे दात झिजत, पडत आणि खालून नवे येत. दाताच्या आतल्या रोजच्या वाढीच्या रेषा मोजून संशोधकांनी हा वेग काढला आहे. रुंद दातांच्या कॅमारासॉरसला एका जागी नवा दात यायला सुमारे दोन महिने लागत, डिप्लोडोकसला सुमारे 35 दिवस, आणि नायजरच्या नायजरसॉरसला तर 14 दिवस. दात बारीक असला तर तो लवकर तयार होतो आणि जबड्यात जास्त मावतात. भरपूर झीज होणारं खाणं असेल, तर दोन वेगळी कुळं याच उपायाला पोचू शकतात. देशमुखीसारखंच झालं. काम सारखं होतं, मूळ एक नव्हतं.

मग वंशावळ कशी दिसते?

मुळाजवळ कोटासॉरस, बारापासॉरस आणि त्यांचे समकालीन. त्यांच्यापुढे चीनचे मामेंचीसॉरस आणि त्यांचे नातेवाईक. त्यातल्या एकाची मान 15 मीटरच्या आसपास होती, असं 2023 च्या एका अभ्यासात मांडलं गेलं.

त्यानंतर झाडाला दोन मोठ्या फांद्या फुटतात. एका फांदीवर डिप्लोडोकस, ब्रॉंटोसॉरस, रुंद तोंडाचा नायजरसॉरस आणि डायक्रिओसॉरिड. थारोसॉरसला त्याच्या अभ्यासकांनी इथे बसवलं आहे. दुसऱ्या फांदीवर कॅमारासॉरस, पुढे ब्रेकिओसॉरस, आणि सर्वांत शेवटी टायटॅनोसॉर. बाकीचे सगळे सॉरोपॉड नाहीसे झाल्यावरही टायटॅनोसॉर टिकले. त्यांचे अवशेष अंटार्क्टिकासह सातही खंडांवर मिळाले आहेत, आणि 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशापर्यंत ते होते. पिसदुरा आणि डोंगरगावचे प्राणी या शेवटच्या पिढ्यांमधले.

जबलपूरच्या एका नावाची गोष्ट

टायटॅनोसॉर या सगळ्या कुळाचं नाव आपल्या भागातल्या हाडांवरून पडलं आहे. ठगांचा बंदोबस्त करणारे अधिकारी म्हणून ओळखले जाणारे विल्यम स्लीमन यांना 1828 मध्ये जबलपूरजवळच्या बारा सिमला टेकडीवर काही मोठी हाडं मिळाली. भारतात डायनासोरची हाडं सापडल्याची ही सर्वांत जुनी नोंद, तीही 'डायनासोर' हा शब्द जन्मण्याच्या आधीची. 1877 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्यांना टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. मुख्य आधार शेपटीच्या मणक्यांचा होता. त्या मणक्याची पुढची बाजू खोलगट आणि मागची गोल फुगीर होती, आणि तेव्हा ही फार वेगळी गोष्ट वाटली.

पुढची सव्वाशे वर्षं जगात कुठेही असा मणका मिळाला की त्याला टायटॅनोसॉरस म्हटलं गेलं. अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप, भारत. डझनभराहून जास्त जाती या एका नावाखाली जमल्या. डोंगरगावचा सांगाडाही 1997 मध्ये प्रथम टायटॅनोसॉरस म्हणूनच नोंदला गेला. एकच प्राणी एवढ्या खंडांवर असेल तर ते खंड जमिनीने जोडलेले असले पाहिजेत, असे निष्कर्षही त्यावरून काढता येत होते.

2003 मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी हे सगळं साहित्य पुन्हा तपासलं. तोवर कळून चुकलं होतं की अशा बाकाचा मणका कितीतरी टायटॅनोसॉरांना असतो. लायडेकरांच्या काळी जे वेगळेपण वाटलं ते अख्ख्या गोताचं लक्षण निघालं, एका जातीची ओळख त्यावर उभी राहत नाही. टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव त्यांनी निरुपयोगी ठरवलं. डोंगरगावच्या सांगाड्यात मात्र स्वतःच्या अशा पुरेशा खुणा होत्या, म्हणून त्याला स्वतंत्र नाव मिळालं, इसिसॉरस. ते भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलं आहे. जबलपूरच्याच दुसऱ्या एका टायटॅनोसॉरला 1995 मध्ये जैन यांच्या सन्मानार्थ जैनोसॉरस म्हटलं गेलं होतं, ते नाव टिकून आहे.

स्लीमन यांना मिळालेल्या हाडाचा ठावठिकाणा मधल्या काळात लागत नव्हता. 2012 मध्ये नागपूरचे जीवाश्म-अभ्यासक धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (जीएसआय) संग्रहात पुन्हा सापडलं. नाव बाद झालं म्हणून हाडाचं मोल कमी होत नाही. मला तर ही बातमी एखाद्या नव्या शोधाइतकीच मोठी वाटते, कारण मूळ हाड समोर असेल तरच जुना निर्णय तपासता येतो.

"पण वंशावळ तर सारखी बदलते"

ही शंका खूपदा ऐकू येते. ब्रॉंटोसॉरसचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. 1879 मध्ये नाव मिळालं, 1903 मध्ये तो अपॅटोसॉरसच आहे म्हणून नाव गेलं, आणि 2015 मध्ये तो वेगळा आहे म्हणून परत आलं. मग यावर भरवसा कसा ठेवायचा?

काय बदललं आणि काय नाही, ते पाहायला हवं. ब्रॉंटोसॉरस आणि अपॅटोसॉरस एकमेकांचे सख्खे शेजारी आहेत, याबद्दल 1903 मध्येही वाद नव्हता आणि आजही नाही. वाद होता तो त्यांना एक नाव द्यायचं की दोन. वंशावळीचं खोड आणि मोठ्या फांद्या गेल्या पंचवीस वर्षांत बऱ्याच स्थिर आहेत. डहाळ्या हलतात, विशेषतः टायटॅनोसॉरांमधल्या. इसिसॉरस त्यांच्यातल्या नेमक्या कुणाला सर्वांत जवळ, हे अभ्यासागणिक थोडं बदलतं. कवट्या दुर्मीळ आहेत, बरेच प्राणी अर्धवट हाडांवरून माहीत आहेत, आणि तक्त्यात 'माहीत नाही'च्या चौकटी जास्त असल्या की जागा डळमळीत राहते. नवा सांगाडा मिळाला की त्या चौकटी भरतात आणि उत्तर बदलू शकतं. रापेटोसॉरसने नेमकं तेच केलं.

"डीएनए तपासला की झालं"

डीएनए काळाबरोबर तुटत जातो. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलँडमधल्या गाळातला, सुमारे 20 लाख वर्षांपूर्वीचा आहे. सर्वांत तरुण डायनासोर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. हाडांच्या आकाराशिवाय आपल्याकडे दुसरा मार्ग नाही.

"लांब मान म्हणजे जिराफाचे पूर्वज?"

नाही. जिराफ सस्तन प्राणी आहे आणि त्याच्या मानेत आपल्यासारखेच सात मणके असतात, फक्त ते लांब. सॉरोपॉडांच्या मानेत दहाहून जास्त, मामेंचीसॉरसमध्ये तर 18 किंवा 19 मणके होते. आज जिवंत असलेल्यांत त्यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक पक्षी, आणि तेही वंशज नव्हेत. पक्षी मांसाहारी डायनासोरांच्या बाजूने आले. सॉरोपॉडांचा वंश पूर्ण संपला.

लांब मान आणि अवाढव्य आकार हेसुद्धा घराण्यात एकदाच आलेले नाहीत. काही शाखांनी मणके वाढवले, काहींनी एकेक मणका लांबवला, काहींनी दोन्ही केलं. डायक्रिओसॉरिडांमध्ये मान उलट आखूड झाली. इसिसॉरसचीही मान इतरांच्या मानाने आखूड आणि पुढचे पाय लांब होते. अमेरिकी संशोधक मायकल डेमिक यांनी 2023 मध्ये सॉरोपॉडांची वजनं वंशावळीवर मांडून पाहिली. इतर कुठल्याही भूचर प्राण्याने गाठलं नाही एवढं वजन सॉरोपॉडांच्या शाखांनी स्वतंत्रपणे 36 वेळा गाठलं, असं त्यांना आढळलं. एका महाकाय पूर्वजाचे सगळे महाकाय वंशज, असं चित्र आपल्या मनात असतं. वंशावळ नसती तर ते चुकीचं आहे हे कळलंच नसतं.

नातं कळल्याने काय कळतं?

पहिलं उत्तर भूगोलाचं. भारत आणि मादागास्कर सुमारे 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटले. 2014 मध्ये मादागास्करमधल्या वाहिनी नावाच्या टायटॅनोसॉरचं वर्णन झालं. त्याच्या मेंदूभोवतालच्या हाडांचं सर्वांत जवळचं साम्य निघालं आपल्या जैनोसॉरसशी. एकाच नावाखाली सगळ्या खंडांची हाडं गोळा केली होती तेव्हा असं नेमकं काही म्हणता येत नव्हतं. खरी नाती लागल्यावरच खंड कधी जोडलेले होते आणि कधी सुटले, याची साक्ष हाडांकडून घेता येते.

दुसरं उत्तर खाण्याचं. पिसदुऱ्याला हाडांच्या बरोबरीने प्राण्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मोठ्या संख्येने मिळतात. 2005 मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले, तेही एकाहून जास्त प्रकारच्या गवतांचे. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं, असं तोवर बहुतेक पुस्तकं सांगत होती. त्याच थरात टायटॅनोसॉरांची हाडं असल्याने ही विष्ठा त्यांचीच मानली जाते. बारीक, भराभर बदलणारे दात आणि दात झिजवणारं सिलिका या दोन्ही गोष्टी एकाच गोताच्या आहेत, हे इथे एकत्र पाहता येतं. झाडपाला, गवत असं जे मिळेल ते हे प्राणी खात असावेत.

पिसदुऱ्याच्या शेतात हाड दिसलं तर

पिसदुऱ्याचे जीवाश्म शेतात, धुऱ्यावर, नांगरटीत वर येतात. ते उचलून घरी आणण्याचा मोह होतो, आणि तिथून पुष्कळ काही असंच गेलं आहे. उचललेलं हाड हाड म्हणून शाबूत राहतं, पण त्याचं नातं सांगण्याची ताकद बरीच कमी होते. हा मणका त्या खांद्याच्या हाडाशेजारी होता का, कोणत्या थरात होता, पुढचा मणका कुठे होता, यावरच ती दोन हाडं एका प्राण्याची की दोन, हे ठरतं. रापेटोसॉरसने दातांचा वाद मिटवला तो कवटी आणि धड एकत्र मिळाले म्हणून. डोंगरगावच्या सांगाड्याला पूर्ण कवटी अजून मिळालेली नाही. ती कुठे असेल तर याच मातीत असेल.

म्हणून हाड दिसलं तर हलवू नका. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो घ्या, मोबाइलवर जागा नोंदवा, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. शेतमालकालाही सांगा, म्हणजे पुढची नांगरट त्या तुकड्यावर होणार नाही.